मोडून दाखवा

ग्रंथपालबाईंना राग यायला वेळ लागायचा, आणि एकदा आला की जायलाही वेळ लागायचा. त्या दिवशी मात्र तो सकाळी सव्वानऊलाच आला. वाचनालयाच्या खिडक्या उघडून, आदल्या दिवशी परत आलेल्या पुस्तकांचा ढीग बाजूला सारून त्यांनी संगणक सुरू केला, तर पहिलंच पत्र मोठ्या कॉलेजच्या डीनसाहेबांचं. पत्र पाचही कॉलेजांना होतं. त्यातली तिसरी ओळ अशी: 'उशिरा पोचणाऱ्या उत्तरपत्रिकांचा भाग नव्या आवृत्तीतून वगळण्यात येत आहे. संबंधितांच्या परिश्रमांबद्दल आभार.'

"संबंधित म्हणे!" बाई एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, की कोपऱ्यात पेपर वाचणारे निवृत्त प्राध्यापक दचकले. भिंतीवर 'शांतता राखा' ही सूचना बाईंनीच लावलेली होती.

संबंधित म्हणजे बाई एकट्याच होत्या. तो भाग त्यांनी आठ महिने खपून लिहिला होता आणि आता आभाराच्या अर्ध्या ओळीत त्यांची बोळवण झाली होती.

प्रकरण असं होतं. पाच कॉलेजांना एक सॉफ्टवेअर हवं होतं. धडे त्यावर चढवायचे, पेपर त्यावर द्यायचा, उत्तरं त्यावरच गोळा करायची. बाजारात तयार मिळत होती, पण ती ज्याची त्याच्या मर्जीने चालायची. आत काय आहे ते बघायला मिळायचं नाही. म्हणून पाचांनी मिळून एक मुक्त सॉफ्टवेअर घेतलं. ते कोणीही उघडून बघावं, कोणीही सुधारावं, आणि केलेली सुधारणा सगळ्यांना द्यावी, असा त्याचा रिवाज. त्याचं मूळ नाव लांबलचक होतं. पाचही कॉलेजांत त्याला सगळे 'फळा' म्हणत. फळ्याचा एकेक भाग एकेका कॉलेजने सुधारायला घेतला. टेकडीवरच्या मोठ्या कॉलेजने परीक्षा आणि गुणपत्रक घेतलं, कारण त्यांच्याकडे माणसंही होती आणि आपल्याला जास्त कळतं हा विश्वासही होता. उरलेलं चौघांत वाटलं गेलं. बाईंच्या कॉलेजला 'उत्तरपत्रिका पोचवणे' आलं.

बाईंच्या कॉलेजात संगणक विभाग नावापुरता होता. त्याचे प्रमुख दर सहा महिन्यांनी चांगली नोकरी मिळून जात. तेव्हा प्राचार्य वाचनालयात आले आणि म्हणाले, "बाई, पुस्तकांची सगळी यादी तुम्ही एकटीने संगणकावर चढवलीत. तुम्हाला त्यातलं कळतं." काम गळ्यात घालायचं असलं की लोक असंच बोलतात. एक्कावन्नाव्या वर्षी बाई प्रोग्रॅमिंग शिकल्या. त्यासाठी आपल्याच वाचनालयातलं पुस्तक रीतसर आपल्याच नावावर घेतलं, आणि दोनदा मुदत वाढवून घेतली.

'उत्तरपत्रिका पोचवणे' हे शब्द कागदावर निरुपद्रवी दिसतात. बाईंना मात्र त्यांच्यामागे एक माणूस दिसत होतं, आणि ते होतं त्यांची धाकटी बहीण.

धाकटी शीतगृहात कामाला होती. जमिनीखाली दोन मजले, फळांच्या आणि भाज्यांच्या पेट्या, सकाळी सहा ते दुपारी दोन. लग्न, मुलं, नवऱ्याचं आजारपण ह्यांत सुटलेली पदवी तिने छत्तिसाव्या वर्षी परत धरली होती, कारण पदवी असेल तरच तिला वर, उजेडात, साठ्याच्या नोंदींचं काम मिळणार होतं. सगळे विषय सुटले. राहिला एक, संख्याशास्त्र. पाचही कॉलेजांचा त्याचा पेपर एकच असतो, आणि तो डीनसाहेब स्वतः काढतात, स्वतः तपासतात. पेपर सकाळी आठला फळ्यावर उघडतो. उत्तर बाराच्या आत पाठवायचं. पुस्तकं बघा, वह्या बघा, जिथे असाल तिथे बसून लिहा.

मागच्या वर्षी धाकटी जिथे होती तिथेच बसली. आदल्या आठवड्यात मुलाच्या तापात सगळ्या रजा संपल्या होत्या. मुकादमाच्या हातापाया पडून तिने दोन तास कपडे बदलायच्या खोलीत काढले. आठला चहाच्या सुट्टीत वर जाऊन पेपर फोनवर उतरवून घेतला होता; त्यानंतर पाळी संपेपर्यंत वर सोडत नाहीत. खाली नेटवर्क औषधालाही नाही. उत्तर पावणेबाराला लिहून झालं. दोन वाजून दहा मिनिटांनी पाळी संपवून ती वर आली, फोनला नेटवर्क लागलं, आणि फळ्याने तिला तांबड्या अक्षरांत सांगितलं: 'मुदत संपली आहे.'

नापास झाल्याचं तिला दुःख झालंच. पण ती बाईंच्या घरी येऊन खुर्चीवर बसली, अंगात अजून ते जाड जाकीट, आणि म्हणाली ते वेगळंच. "ताई, चुकलं असतं तर चाललं असतं गं. शून्य दिलं असतं तरी चाललं असतं. कोणी वाचलंच नाही."

ते वाक्य बाईंच्या डोक्यातून गेलं नाही. त्यांनी लिहिलेल्या भागात फोन स्वतःच नोंद ठेवायचा की उत्तर किती वाजता पूर्ण झालं, आणि मग ते फळ्यावर कितीही वाजता पोचलं तरी ती आधीची वेळ धरली जायची. आता धाकटीची दुसरी आणि शेवटची संधी सहा आठवड्यांवर आली होती. आणि परीक्षेच्या तोंडावर डीनसाहेब म्हणत होते, वगळण्यात येत आहे.

बाईंनी उत्तर लिहिलं. तेही पाचही कॉलेजांना. 'आपण का वगळता आहात ते लिहिलेलं नाही. भाग मोडत असेल तर मोडून दाखवा. नियम आपलाच आहे.'

नियम खरोखरच त्यांचाच होता. पहिल्या बैठकीत एका बटणाच्या रंगावरून अर्धा दिवस वाया गेला होता. (त्या वादात बाईही होत्या. त्यांना हिरवं हवं होतं.) शेवटी वैतागून डीनसाहेब उठले आणि पांढऱ्या बोर्डावर मोठ्या अक्षरांत लिहून आले: 'आवडत नाही, हे कारण नाही. मोडतं म्हणणाऱ्याने मोडून दाखवायचं.' तेव्हापासून पाच कॉलेजांचा कारभार त्या दोन वाक्यांवर चालत होता. कोणाचाही बदल अडवायचा तर तो कुठे मोडतो ते चारचौघांसमोर दाखवायचं. आणि बदल आत घ्यायचा तर आधी दुसऱ्या कॉलेजच्या माणसाने तो तपासून सही करायची. साधी गोष्ट होती, पण तिच्यामुळे लहान कॉलेजाच्या ग्रंथपालालाही मोठ्या कॉलेजाच्या डीनला नाही म्हणता येत होतं.

दहा मिनिटांत प्राचार्य वाचनालयात हजर. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"बाई, हे काय लिहून बसलात?"

"मराठीतच लिहिलंय, सर."

"अहो, पण सगळ्यांना? त्यांना एकट्यांना लिहायचं. विनंती करायची."

"त्यांनी मला एकटीला लिहिलं होतं का?"

प्राचार्य खुर्चीत टेकले. माणूस वाईट नव्हता, पण आयुष्यभर कोणाला दुखवायचं नाही ह्या एकाच धोरणावर तो प्राचार्यपदापर्यंत आला होता. "बैठकीला मी येणार नाही," ते म्हणाले. "मला त्या दिवशी ताप येणार आहे."

"काळजी घ्या," बाई म्हणाल्या आणि पुस्तकांवर शिक्के मारायला लागल्या. नेहमीपेक्षा जरा जोरातच.

बैठकीचा दिवस हाच आवृत्ती गोठवण्याचा दिवस होता. दुपारी चारनंतर फळ्यात काहीही बदलायचं नाही, परीक्षा होईपर्यंत जे असेल ते असेल. बाई दोन बस बदलून अकराला टेकडीवर पोचल्या. लांब टेबल, पाच कॉलेजांची सात माणसं, भिंतीवर पडदा. बोर्डावर ती दोन वाक्यं अजून होती. कोणी पुसली नव्हती, नुसती जरा फिकट झाली होती.

डीनसाहेब उंच, नीटनेटके आणि बोलायला अतिशय गोड. "बाई, तुमच्या मेहनतीबद्दल कोणाच्याच मनात शंका नाही," असं म्हणून त्यांनी आपल्या कॉलेजात प्रोग्रॅमर असलेल्या मुलीकडे पाहिलं. तिच्या डोक्यावरच्या जंगलामुळे तिला सगळे कुरळी म्हणत. "दाखव गं."

कुरळीने आपला फोन पडद्याला जोडला. त्यावर एक खोटा पेपर उघडला, नेटवर्क बंद केलं. मग फोनचं घड्याळ तीन तास मागे नेलं, उत्तर लिहिलं, नेटवर्क चालू केलं, पाठवलं. फळ्याने ते आनंदाने घेतलं आणि वर वेळ छापली, दहा वाजून पाच मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून गेला होता.

सगळं मिळून दीड मिनिटही लागलं नाही.

खोलीत कोणी हसलं नाही, आणि तेच बाईंना जास्त लागलं. आठ महिने त्यांनी विचार केला होता तो फक्त धाकटीचा, आणि धाकटी फोनचं घड्याळ मागे नेईल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. बाकीच्या जगाचा विचार करायचा राहूनच गेला. 'मोडून दाखवा' म्हणून पाच कॉलेजांत दवंडी पिटली, आणि लोकांनी मोडून दाखवलं.

"सॉरी, बाई," कुरळी हळूच म्हणाली.

"सॉरी कसलं? नियमच आहे," बाई म्हणाल्या. कान मात्र तापले होते.

डीनसाहेब आणखी गोड झाले. "हे बघा, बाई, सॉफ्टवेअर मुक्त आहे. तुम्हाला तुमचा भाग वापरायचाच असेल तर फळ्याची वेगळी प्रत घ्या आणि तुमच्या कॉलेजात खुशाल चालवा. आमची काहीच हरकत नाही."

म्हणजे वेगळी चूल मांडा. ऐकायला किती उदार! बाईंना त्यातली मेख कळायला क्षणभरही लागला नाही. वेगळी प्रत म्हणजे ती सांभाळायला बाई एकट्या. त्या आजारी पडल्या की ती बंद. आणि संख्याशास्त्राचा पेपर तर ह्याच फळ्यावर येणार, वेगळ्या प्रतीवर नाही. चहाचा कप हातात देऊन दार दाखवायचं, तसला तो प्रकार होता.

"नाही," बाई म्हणाल्या.

"नाही म्हणजे?"

"आम्ही कुठेही जाणार नाही. फळा आमचाही आहे. तुम्ही मोडून दाखवलंत, मी मान्य केलं. आता दुरुस्त करायला मला चार वाजेपर्यंत वेळ आहे. तोही नियमच आहे."

"तीन तासांत?"

"मला जेवायला वीस मिनिटं लागतात. बाकीचा वेळ आहे."

बोलायला त्या बोलून गेल्या. कुरळीच्या शेजारच्या खुर्चीत बसून दुरुस्तीला हात घातला तेव्हा खरी गंमत कळली. घड्याळ मागे नेलं तर पकडायचं कसं? बाईंनी एक सापळा लावला. कुरळीने तो चार मिनिटांत चुकवला. दुसरा लावला, तो दोन मिनिटांत. तिसऱ्याच्या वेळी कुरळी म्हणाली, "बाई, तुम्ही लावण्याआधीच सांगते, हा पण मोडेल." ती मदतच करत होती बिचारी, पण मदत अशी की ऐकणाऱ्याने डोकं आपटून घ्यावं. दोन वाजले. बाईंनी हात टेकले आणि "आलेच," म्हणून बाहेर पडल्या.

पाय आपोआप वाचनालयाकडे वळले. नव्या जागी गेल्या की त्या तिथलं वाचनालय बघतच. मोठ्या कॉलेजचं जेवणाच्या सुट्टीसाठी बंद होतं. दाराशेजारी भिंतीत एक फट होती आणि फटीच्या मागे पेटी. वाचनालय बंद असताना पुस्तक परत करायचं असेल तर त्या फटीतून आत सरकवायचं. बाई बघत असतानाच एक विद्यार्थिनी आली, इकडेतिकडे पाहिलं, एक जाडजूड पुस्तक आत ढकललं आणि चोरी केल्यासारखी धूम पळाली. पुस्तकाला निदान महिनाभर उशीर झाला असणार. बाईंना ती धावण्याची पद्धत सव्वीस वर्षं ओळखीची होती.

त्या एकट्याच हसल्या. मग हसू थांबलं आणि त्या तिथेच उभ्या राहिल्या.

सव्वीस वर्षांत त्यांनी उशिरा आलेलं एकही पुस्तक नाकारलं नव्हतं. कुठला ग्रंथपाल नाकारेल? पुस्तक आलं, घ्यायचं. कधी द्यायला हवं होतं ते चिठ्ठीवर असतं, कधी आलं त्याचा शिक्का मारायचा. दोन्ही तारखा शेजारी शेजारी. मग वाचणारा म्हणतो आई आजारी होती, कोणी म्हणतो विसरलो, कोणी ढळढळीत थाप मारतो, आणि काय करायचं ते माणूस बघून माणूस ठरवतो. दाराने ठरवायचं नसतं. आणि आठ महिने त्या स्वतः काय करत होत्या? दाराला शहाणं करत होत्या.

बाई जवळजवळ धावतच परत आल्या.

"कुरळे, ऊठ. मला ओळी घालायच्या नाहीत, काढायच्यात."

त्रेचाळीस ओळी काढल्या. घड्याळ पडताळणारं सगळं गेलं, सापळे गेले, बाईंचं आठ महिन्यांचं बरंचसं कौतुक गेलं. घातल्या फक्त अकरा. आता फळा कोणतीच उत्तरपत्रिका परत पाठवत नव्हता. आली ती घ्यायची आणि तिच्यावर दोन वेळा छापायच्या: फोन म्हणतो, अमुक वाजता लिहून झालं, इथे पोचलं, अमुक वाजता. खाली एक रिकामी चौकट, 'तपासणाऱ्याचा निर्णय'. बस्स.

कुरळीने अर्धा तास ते मोडायचा प्रयत्न केला. मन लावून केला, कारण ती तशीच होती. मग हात डोक्याच्या जंगलात खुपसून ती बसून राहिली. "मोडत नाहीये, बाई. हे काही ठामपणे म्हणतच नाही, तर खोटं कसं पाडू?"

"मग सही करशील? दुसऱ्या कॉलेजची सही लागते."

कुरळीने डीनसाहेबांच्या खोलीकडे पाहिलं. तिची नोकरी त्या खोलीतून चालत होती. बाईंना ते कळत होतं, आणि मागितल्याचं वाईटही वाटत होतं. पण मागणं मागे घेतलं नाही.

"मोडत असतं तर केली नसती," कुरळी म्हणाली आणि सही केली.

पावणेचारला पुन्हा सगळे टेबलाशी. पडद्यावरच्या दोन वेळा डीनसाहेबांनी पाहिल्या आणि त्यांचा गोडवा पहिल्यांदाच जरा आटला.

"घड्याळ मागे ने," ते कुरळीला म्हणाले.

"नेलं, सर. फोन म्हणतो दहा, पोचलं पावणेचारला. दोन्ही दिसतंय. ज्याला संशय घ्यायचा तो घेईल."

"म्हणजे ठरवायचं कोणी?"

"ज्याने पेपर काढला त्याने," बाई म्हणाल्या.

"बाई, माझ्याकडे दोनशे ऐंशी उत्तरपत्रिका येतात. यंत्राला मी एकच काम दिलं, बारा वाजता दार लावायचं. यंत्र कोणाची तोंडं बघत नाही. माणसाच्या हाती दिलं की रडगाणी सुरू होतात, वशिले सुरू होतात. वीस वर्षं बघतोय मी."

हे ते मनापासून बोलत होते, आणि त्यात तथ्य नव्हतं असंही नाही. बाईंनी मान हलवली. "मागच्या परीक्षेला उशिरा किती आल्या?"

डीनसाहेबांना माहीत नव्हतं. कुरळीने नोंद काढली. "एकोणीस."

"एकोणीस उत्तरपत्रिका वाचायला किती वेळ लागतो, सर?"

डीनसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि मग हातातलं शेवटचं हत्यार काढलं. "स्पष्ट बोलतो, राग मानू नका. त्या एकोणिसांत तुमची सख्खी बहीण आहे. हे सगळं तुम्ही तिच्यासाठी चालवलंय."

सगळ्यांनी टेबलाकडे पाहायला सुरुवात केली. अशा वेळी माणसाने सारवासारव करायची असते. तत्त्वाचा प्रश्न आहे, वैयक्तिक काही नाही, वगैरे. बाईंनी तसलं काही केलं नाही.

"हो," त्या म्हणाल्या. "बहिणीसाठीच चालवलंय. ती जमिनीखाली काम करते आणि तिथे नेटवर्क नाही. एकोणिसांतली एक माझ्या ओळखीची आहे म्हणून मला हे कळलं तरी. उरलेल्या अठरा कोण, हे मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही, कारण त्यांचं तुम्ही वाचलेलंच नाही. आता ते मागे बोर्डावर लिहिलंय तुमच्याच हाताने, ते बघा. आवडत नाही, हे कारण नाही. मोडत असेल तर मोडून दाखवा. चारला सात मिनिटं कमी आहेत."

टेबलाच्या टोकाला गणिताचे एक सर होते, तिसऱ्या कॉलेजचे. दोन वर्षांच्या बैठकांत त्यांनी कधी तोंड उघडलेलं कोणाच्या आठवणीत नव्हतं. ते खाकरले. "मोडत नाही. आत घ्या आणि गोठवा. माझी बस आहे साडेचारची."

तीन वाजून सत्तावन्न मिनिटांनी ते आत गेलं. डीनसाहेब उठले. दारात थांबून म्हणाले, "बाई, दार उघडं ठेवलंत. आता आत जे येईल ते तुमच्या जबाबदारीवर."

"माझ्या नाही, सर. तुमच्या," बाई म्हणाल्या. परतीच्या बसमध्ये त्यांनी तिकीट दोनदा काढलं.

धाकटीला ह्याही वेळी रजा मिळाली नव्हती, हंगाम होता. परीक्षेच्या दिवशी बाई सकाळपासून शिक्के उलटे मारत होत्या. बारा वाजले. एक वाजला. दोन वाजून अकरा मिनिटांनी फळ्याच्या नोंदींत एक नवी ओळ आली. बाईंना उत्तर दिसत नव्हतं, वेळा तेवढ्या दिसत होत्या. पोचलं, दोन अकरा. फोन म्हणतो, लिहून झालं बारा वाजून चार मिनिटांनी.

बारा चार! बाईंनी डोळे चोळून पाहिलं आणि फोन उचलला.

"चार मिनिटं? धाकटे, चार मिनिटं?"

"मध्येच माल आला गं. पेट्या उतरवाव्या लागल्या. शेवटचा प्रश्न लांबला."

बाईंच्या ओठांवर जे आलं त्याची त्यांना तिथल्या तिथे लाज वाटली. तरी ते बाहेर पडलंच. "आणि घड्याळ... तुला माहीत होतं ना, ते कसं..."

"तूच सांगितलंस की! त्या मुलीने कसं मागे नेलं ते दोनदा सांगितलंस." धाकटीचा आवाज कडक झाला. "ताई, तू सगळ्यांसमोर पाय रोवून उभी राहिलीस. ते काय मी खोटी वेळ लिहावी म्हणून? माझी वेळ बारा चारच आहे. काय करायचं ते करू देत त्यांना."

आपल्या बहिणीबद्दल इतका अभिमान आणि इतका वैताग बाईंना एकाच वेळी कधी वाटला नव्हता.

संध्याकाळपर्यंत प्राचार्यांच्या कानावर गेलंच. "एक फोन करा डीनसाहेबांना," ते म्हणाले. "चारच मिनिटं आहेत. शब्द टाकलात तर..."

"नाही."

"अहो, शेवटची संधी आहे ना तिची?"

"आहे. म्हणूनच नाही," बाई म्हणाल्या. "वशिले सुरू होतील म्हणाले होते ते. पहिला माझा होऊ देणार नाही."

नऊ दिवस त्यांनी फोन केला नाही. फोन उचलून तीनदा खाली ठेवला, हे खरं. घरी नवऱ्याला विनाकारण बोलल्या. वाचनालयात एका मुलाला उशिराबद्दल इतकं फैलावर घेतलं, की मग त्याला शोधून आणून आणखी एक पुस्तक दिलं.

दहाव्या दिवशी दुपारी धाकटीचा फोन आला. मागे लोखंडी जिन्यावरचे पाय वाजत होते, पेट्यांच्या ढकलगाड्यांचा खडखडाट होता. ती धापा टाकत होती.

"ताई, आलं. वाचून दाखवते. तपासणाऱ्याचा निर्णय: 'चार मिनिटं उशीर, पाच गुण कमी. उत्तर पूर्ण वाचलं.' ऐकलंस? पूर्ण वाचलं, असं लिहिलंय. अठ्ठावन्नातून पाच गेले, त्रेपन्न."

"पास!" बाई ओरडल्या. कोपऱ्यातल्या निवृत्त प्राध्यापकांनी पेपर खाली ठेवला. "अगं, पास झालीस तू! चाळीसलाच पास असतं!"

"ते आहेच. पुढचं ऐक ना," धाकटी म्हणाली. तिला पास होण्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची घाई होती. "पुढे लिहिलंय, 'तिसऱ्या प्रश्नात दाराजवळच्या पेट्या बाकीच्यांपासून वेगळ्या मोजल्या आहेत. पद्धत चुकीची.' चुकीची कशी? दार दिवसभर उघडझाप होतं. दाराजवळचा माल लवकर नासतो. आतल्या पेट्यांत मिसळून मोजला तर हिशेबच खोटा येईल. हे शीतगृहातल्या कुठल्याही माणसाला विचार!"

"मग?" बाईंनी विचारलं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या हसतही होत्या.

"मग काय? तो तुमचा नियम विद्यार्थ्यांना पण लागू आहे ना? मी त्यांना आत्ताच लिहिलंय. म्हटलं, सर, चुकतं म्हणताय तर इथे खाली या, आणि माझ्या पेट्यांवर चुकवून दाखवा."